हिंदीतील संकेतार्थी व उद्देशार्थी वाक्ये : वरिष्ठ प्राथमिक वर्गांतील अध्यापन

हिंदीच्या तासाला फळ्यावर ‘मैं राजा होता’ एवढेच शब्द लिहावेत आणि त्यांचा अर्थ मुलांस विचारावा. बहुतेक मुले तत्काळ हात वर करतील व उत्साहाने सांगतील, ‘मी राजा होतो.’ वाचन शुद्ध, उत्तर सफाईचे, आणि अर्थ नेमका उलटा! बोलणारा राजा कधीच नव्हता आणि आजही नाही. ‘मी राजा असतो तर’ अशी कल्पना मात्र तो करीत आहे. हिंदीत ही कल्पना झाली. मराठी कानाला ती बातमी वाटली.

हिंदी व मराठी यांची लिपी एक, पुष्कळसा शब्दसंग्रह एक. त्यामुळे हिंदी हा सोपा विषय आहे असा समज शिक्षक व विद्यार्थी या दोघांतही दृढ झालेला असतो. तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु जेथे शब्द अगदी परका असतो तेथे मूल थांबते, विचारते. जेथे तो ओळखीचा वाटतो तेथे ते थांबत नाही आणि फसते. संकेतार्थी वाक्ये म्हणजे ‘जर-तर’ची वाक्ये, आणि उद्देशार्थी वाक्ये म्हणजे ‘अमुक व्हावे म्हणून तमुक करतो’ अशा घडणीची वाक्ये. या दोहोंत असे फसवे ओळखीचे शब्द फार आहेत.

पारिभाषिक संज्ञांची अडचण येथे मुळीच नाही. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली व कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ १९२० साली प्रसिद्ध झाले. या दोन्ही परंपरांतील नावे जवळजवळ सारखीच आहेत. आपण ज्यास संकेतबोधक अव्यय म्हणतो त्यास हिंदीत संकेतवाचक म्हणतात, आणि आपले उद्देशबोधक ते त्यांचे उद्देशवाचक. तेव्हा ‘यदि, तो, ताकि ही कोणती अव्यये?’ असे प्रश्न घालून व त्यांची उत्तरे पाठ करवून तास खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. मूल ही नावे बिनचूक सांगते आणि वाक्य चुकीचे लिहिते. खरी अडचण अव्ययात थोडी आणि क्रियापदात फार आहे. म्हणून प्रथम अव्ययांचे लवकर उरकून घ्यावे.

‘अगर’ हा शब्द हिंदीत ‘जर’ या अर्थी येतो. आपल्या कचेरीच्या मराठीत मात्र ‘मुख्याध्यापक अगर त्यांचे प्रतिनिधी’ अशा ठिकाणी त्याचा अर्थ ‘किंवा’ असा होतो. मुलांपेक्षा हा घोटाळा परिपत्रके वाचून सरावलेल्या मोठ्या माणसांचाच अधिक होतो, ही गोष्ट निराळी! ‘तो’ हा शब्द मात्र मुलांना निश्चित अडवतो. ‘बारिश हुई तो खेत हरा होगा’ या वाक्यातील ‘तो’ त्यांना मराठीतील सर्वनाम वाटतो, आणि ‘पाऊस झाला, तो शेत हिरवा होईल’ असे काहीतरी भाषांतर वहीत उमटते. हिंदीचा ‘तो’ म्हणजे मराठीचा ‘तर’, आणि मराठीचा ‘तो’ म्हणजे हिंदीचा ‘वह’, ही जोडी आरंभीच पक्की करावी. ‘मी तर जाणारच’ यास हिंदीत ‘मैं तो जाऊँगा ही’ म्हणतात, हे सांगितले की ‘तो’ व ‘तर’ यांचे नाते मुलांच्या चांगले लक्षात राहते. दोन्ही भाषांत ‘जर’ किंवा ‘अगर’ गाळला तरी चालते, पण ‘तर’ किंवा ‘तो’ सहसा गाळत नाहीत, हे साम्यही दाखवून द्यावे. ‘जर’ आणि ‘जब’ यांच्या उच्चारसादृश्यामुळे काही मुले एकाच्या जागी दुसरा योजतात. ‘जब तुम आओगे तो मिठाई मिलेगी’ या वाक्यात येणे ठरलेले आहे, फक्त वेळ सांगितली आहे. ‘अगर तुम आओगे’ म्हटले की येण्याविषयीच शंका उत्पन्न झाली. ‘जब’ म्हणजे ‘जेव्हा’ एवढे सांगून पुढे जावे.

‘ताकि’, ‘क्योंकि’, ‘कि’ हे शब्द मुले हटकून दीर्घ लिहितात. यात त्यांचा दोष नाही. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहावयाचा, आणि ‘आणि’, ‘नि’ यांसारखे अपवाद व ‘यद्यपि’, ‘तथापि’ यांसारखी तत्सम अव्यये वगळता मूल तो नियम निष्ठेने पाळीत असते. हिंदीत मात्र ‘कि’ आणि ‘की’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘राम की किताब’ येथे ‘की’ म्हणजे आपला ‘चे’ अथवा ‘ची’, आणि ‘उसने मदद की’ येथे ते क्रियापद आहे. ही दोन्ही दीर्घ. जेथे मराठीत आपण वाक्ये जोडणारा ‘की’ वापरतो तेथे हिंदीत ऱ्हस्व ‘कि’ येतो. मराठी वहीत जे बरोबर तेच हिंदी वहीत चूक का ठरते, हे एकदा समजावून सांगितले म्हणजे तांबड्या शाईची पुष्कळ बचत होते.

आता क्रियापदाकडे वळू. ‘मैं राजा होता’ या वाक्यात मुले का फसली? मराठीत ‘होता, होती, होते’ ही भूतकाळाची रूपे आहेत. हिंदीत भूतकाळी ‘था, थी, थे’ येतात, आणि ‘होता’ हे रूप आपल्या ‘असतो’च्या जागी येते. मराठीत ‘असतो’ दोन कामे करतो. ‘तो रोज शाळेत असतो’ येथे नित्याची गोष्ट सांगितली आहे आणि ‘तो शाळेत असतो तर’ येथे न घडलेली. हिंदीतील ‘होता’ हीच दोन कामे करतो. फरक इतकाच की नित्याची गोष्ट सांगताना त्याच्यामागे ‘है’ लागतो. तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात दोनच ओळी लिहून त्या आठवडाभर पुसू नयेत : हिंदीचा ‘होता’ म्हणजे मराठीचा ‘असतो’, मराठीचा ‘होता’ म्हणजे हिंदीचा ‘था’. या दोन ओळी मुलांच्या मनात ठसल्या की निम्मे काम झाले असे समजावे.

या ‘है’कडे मात्र विशेष लक्ष पुरविले पाहिजे. मराठीचा वर्तमानकाळ एका शब्दात पुरा होतो : येतो, जातो, मिळते. हिंदीत ‘आता है’, ‘जाता है’, ‘मिलता है’ असे दोन शब्द लागतात. मराठी मुलांच्या तोंडून हा दुसरा शब्द वारंवार गळतो, आणि शिक्षकही तेवढी चूक क्षुल्लक समजून सोडून देतात. ती क्षुल्लक नाही. ‘अगर वह आता है तो मैं जाता हूँ’ याचा अर्थ ‘तो येत असेल तर मी जातो’ असा आहे. यातील ‘है’ आणि ‘हूँ’ गळाले म्हणजे ‘अगर वह आता तो मैं जाता’ असे वाक्य उरते, आणि त्याचा अर्थ ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ असा होतो. म्हणजे कोणी आले नाही आणि कोणी गेलेही नाही! व्यवहारात याचे फळ कसे मिळते हे पाहण्यासारखे आहे. शहरात कामाच्या शोधार्थ गेलेला एखादा तरुण हिंदीभाषी मुकादमास सांगतो, ‘रोज के पैसे मिलते तो मैं आता.’ त्याच्या मनात ‘रोजचे पैसे मिळत असतील तर मी येतो’ असे असते. तो कामावर यावयास तयार आहे. ऐकणारा मात्र ‘पैसे मिळाले असते तर आलो असतो’ असे समजतो, म्हणजे हा यावयास राजी नाही असे धरून चालतो आणि दुसऱ्या माणसास हाक मारतो. मुंबईच्या बाजारी हिंदीत ‘मैं आता’ म्हणजे ‘मी येतो’ असे खपून जाते खरे. पण उत्तरेकडून आलेल्या माणसाशी बोलताना किंवा लेखी अर्ज करताना ते खपत नाही. नकारार्थी वाक्यात मात्र ‘वह नहीं आता’ असे ‘है’ वगळून म्हणण्याची हिंदीत मुभा आहे. तेथे मुलाला चूक देऊ नये.

न घडलेल्या गोष्टीसाठी हिंदीत आणखी एक रूप आहे : ‘अगर बारिश आई होती तो’. हे रूप मराठीतील ‘पाऊस आला असता तर’ याच्याशी शब्दशः जुळते, म्हणून मुले तेच सर्वत्र वापरू लागतात. ‘मी पक्षी असतो तर उडालो असतो’ याचे हिंदी ते ‘मैं पक्षी होता तो उड़ा होता’ असे करतात. हिंदी बोलणारा ‘उड़ता’ किंवा ‘उड़ जाता’ म्हणेल. शिवाय या रूपात ‘ने’चा पाश आहे. मराठीत ‘मी पुस्तक वाचले असते’ असे म्हणताना ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, हिंदीत मात्र ‘मैंने किताब पढ़ी होती’ असे म्हणावे लागते. मूल ‘मैं किताब पढ़ा होता’ लिहिते आणि एका वाक्यात दोन चुका पदरी पडतात. ‘अगर मैं पढ़ता तो पास होता’ यात ‘ने’ नाही आणि कर्माच्या लिंगाची कटकटही नाही. हे साधे रूप झालेल्या व आजच्या, दोन्ही प्रकारच्या न घडलेल्या गोष्टींना चालते. सहावीपर्यंत एवढेच रूप पुरेसे आहे. ‘पढ़ा होता’ सातवीत द्यावे. साध्या रूपात कर्त्याचे लिंग व वचन तेवढे सांभाळावयाचे. पाऊस मराठीत पुल्लिंगी, बारिश हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणून ‘बारिश होता’ नव्हे, ‘बारिश होती’. स्त्रीलिंगी अनेकवचनी ‘लड़कियाँ आतीं तो’ येथील अनुस्वारही विसरू नये.

येथवर न घडलेल्या गोष्टीचा विचार झाला. जी गोष्ट अद्याप घडावयाची आहे, घडेल किंवा न घडेल, तिच्यासाठी हिंदीत एक वेगळे रूप आहे. तेच रूप संकेतार्थी आणि उद्देशार्थी अशा दोन्ही वाक्यांचा कणा आहे : जाए, पढ़े, हो, करूँ. हिंदी व्याकरणात यास संभावनार्थ म्हणतात. मराठीत याच्या जोडीचे एकच एक रूप आज प्रचारात नाही. आपण ते काम वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या रूपांनी भागवितो. ‘पाऊस आला तर’ येथे भूतकाळाचे रूप, ‘पाऊस यावा म्हणून’ येथे विध्यर्थ, आणि ‘पाऊस येवो न येवो’ येथे आज्ञार्थ. हिंदीत या तिन्ही ठिकाणी ‘आए’ चालते : ‘बारिश आए तो’, ‘ताकि बारिश आए’, ‘बारिश आए न आए’. पहिल्या ठिकाणी हिंदीतही ‘बारिश आई तो’ असे म्हणतात आणि ते मराठीशी जुळतेच. म्हणून मुलांना ‘आए’ची गरज तेथे जाणवत नाही. ती उद्देशार्थी वाक्यात जाणवते, आणि तेथे हाताशी काही नसल्यामुळे मूल चाचपडू लागते. संकेतार्थी वाक्ये एका महिन्यात व उद्देशार्थी दुसऱ्या महिन्यात, अशी विभागणी केल्यास हे रूप मुलांस दोनदा परके वाटते. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र शिकविणे इष्ट होय.

हे रूप शिकविण्याची सोपी युक्ती अशी. मुलांना भविष्यकाळ आधीच येत असतो : जाएगा, पढ़ेगा, होगा, जाऊँगा. त्यातील शेवटचा ‘गा’ काढून टाकावा. जाए, पढ़े, हो, जाऊँ अशी रूपे आपोआप उरतात. ‘गा’ आहे तोवर निश्चय आहे. ‘गा’ गेला की निश्चय गेला आणि इच्छा, शंका, अपेक्षा उरली. ‘गी’ आणि ‘गे’ यांचेही तसेच. शिवाय ‘गा’बरोबर लिंगभेदही जातो : लड़का पढ़े, लड़की पढ़े. अनेकवचनी ‘पढ़ें’, ‘जाएँ’, ‘हों’ यांवरील बिंदू तेवढा राहिला पाहिजे.

युक्ती सांगितली तरी रूप जिभेवर बसावयास प्रसंग हवा, आणि असा प्रसंग प्रत्येक शाळेत दिवसातून अनेकदा येतो. दुपारी एखादा मुलगा उठून उभा राहतो.

‘गुरुजी, पाणी प्यायला जाऊ?’

‘हिंदीत विचार, बाळ.’

‘गुरुजी, मैं पानी पीने को जाऊँ?’

‘‘को’ कशाला? मैं पानी पीने जाऊँ?’

‘मैं पानी पीने जाऊँ?’

‘हाँ, जाओ. आणि तुझ्या शेजारच्यालाही जायचे दिसते आहे. त्याच्यासाठी तू विचार.’

‘गुरुजी, यह भी जाए?’

‘जाए. मागच्या बाकावरचे दोघे?’

‘वे भी जाएँ?’

‘वे न जाएँ. ते आत्ताच जाऊन आले आहेत.’

एवढ्या चार वाक्यांत किती गोष्टी आल्या ते पाहावे. ‘पीने जाऊँ’ येथे उद्देश आला. ‘जाऊँ, जाए, जाएँ’ येथे संभावनार्थाची तीन रूपे आली, आणि त्यांपैकी पहिले तर मराठीतील ‘जाऊ’च आहे, ‘काय करू?’ आणि ‘क्या करूँ?’ हीही अशीच जोडी. ‘वे न जाएँ’ येथे नकार आला, आणि या रूपाबरोबर ‘नहीं’ न येता ‘न’ येतो हे न सांगता कळले. रजेची परवानगी हिंदीच्या दिवशी हिंदीतच मागावयाची असा परिपाठ ठेवला, तर पंधरा दिवसांत ही रूपे वर्गाच्या अंगवळणी पडतात. पाणी पिणाऱ्यांची संख्या काही दिवस वाढते; ती सोसावी.

उद्देशार्थी वाक्यांचे प्रकार पाहता दोन मुख्य मानावेत. काम करणारा आणि उद्देश साधणारा एकच असेल तर हिंदीत ‘ने के लिए’ येते : ‘किसान खेत जोतने के लिए बैल ले गया’. हे आपल्या ‘नांगरण्यासाठी’सारखेच आहे. मराठीत ‘नांगरणे’चे सामान्यरूप ‘नांगरण्या’ होते व मग ‘साठी’ लागते, तसे हिंदीत ‘जोतना’चे ‘जोतने’ होते व मग ‘के लिए’ लागते. ‘जोतना के लिए’ लिहिणाऱ्या मुलास ‘नांगरणेसाठी असे तू म्हणतोस का?’ एवढेच विचारावे. येणे-जाणे दाखविणारे क्रियापद पुढे असेल तर ‘के लिए’ गाळता येते : ‘पढ़ने जाता है’, ‘पानी भरने गई’. हे आपल्या ‘शिकावयास जातो’, ‘पाणी भरायला गेली’ यांच्यासारखे झाले.

दुसऱ्या प्रकारात करणारा एक व उद्देश दुसऱ्याच्या ठिकाणी असतो. ‘मुलाने वाचावे म्हणून बापाने पुस्तक आणले.’ येथेच मराठी मूल सर्वांत अधिक अडखळते, आणि त्याचे कारण ‘वाचावे’ या रूपात आहे. मराठीचा विध्यर्थ कर्तव्यही सांगतो आणि इच्छाही. ‘मुलांनी रोज वाचावे’ हे कर्तव्य. ‘मुलाने वाचावे म्हणून’ ही इच्छा. हिंदीत कर्तव्यासाठी ‘चाहिए’ आहे आणि इच्छेसाठी संभावनार्थ. मुलाने ‘वाचावे’ म्हणजे ‘पढ़ना चाहिए’ असे पाठ केलेले असते, म्हणून ते लिहिते : ‘लड़के को पढ़ना चाहिए इसलिए पिता ने किताब लाई.’ वाक्य वाचणाऱ्यास वाटते की मुलाने वाचणे हे कर्तव्य आहे, आणि त्या कारणाने बापाने पुस्तक आणले. बापाच्या मनातील आशा वाक्यातून नाहीशी झाली. हवे ते वाक्य असे : ‘पिता किताब लाए ताकि लड़का पढ़े।’ (‘लाना’ क्रियापदाच्या कर्त्यास ‘ने’ लागत नाही, ही त्या मुलाची आणखी एक चूक, पण एका वेळी एकच दुरुस्त करावी.) मुख्य क्रिया भूतकाळी असली तरी ‘ताकि’नंतरचे रूप ‘पढ़े’च राहते, हे मराठीतही तसेच असल्यामुळे त्याची चर्चा करण्याचे कारण नाही.

‘म्हणून’ या शब्दाचाही विचार येथे केला पाहिजे. मराठीत ‘पाऊस पडला म्हणून नदीला पूर आला’ येथे ‘म्हणून’ कारण सांगतो आणि ‘पाऊस पडावा म्हणून भजन केले’ येथे उद्देश सांगतो. हिंदीत पहिल्या ठिकाणी ‘इसलिए’, दुसऱ्या ठिकाणी ‘ताकि’. मुले दोन्हीकडे ‘इसलिए’ वापरतात. तशी सर्वच वाक्ये चूक ठरवू नयेत. ‘फसल अच्छी हो इसलिए किसान खाद डालता है’ हे वाक्य हिंदीत चालते, कारण ‘हो’ हे रूप बरोबर आहे. अर्थ क्रियापदाने सांभाळला आहे. ‘फसल अच्छी होती है इसलिए’ म्हटले की मात्र उद्देशाचे कारण झाले. अव्यय ओळखीचे असो वा नसो, क्रियापद तपासावे. ‘ताकि’ वापरताना वाक्यांचा क्रमही उलटतो हे मुलांना दाखवावे : मराठीत उद्देश आधी व काम नंतर, हिंदीत ‘किसान खाद डालता है ताकि फसल अच्छी हो’ असे काम आधी व उद्देश नंतर. मराठी क्रम तसाच ठेवून ‘ताकि’ने वाक्याचा आरंभ करणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात.

हे सारे केवळ परीक्षेपुरते नाही. खेड्यातील घरात हिंदी मजकूर येतो तो बहुधा औषधाच्या वेष्टणावर, खताच्या पोत्यावर, फवारणीच्या डब्यावर; आणि तो वाचून दाखविण्याचे काम सहावी-सातवीतल्या मुलाकडे असते. ‘यदि दवा आँख में पड़ जाए तो तुरंत पानी से धोएँ’, ‘मुँह ढँकें ताकि दवा साँस के साथ भीतर न जाए’, अशा घडणीची ती वाक्ये असतात. संकेत व उद्देश, दोन्ही त्यात आहेत, आणि प्रत्येक क्रियापद संभावनार्थी आहे. ज्या मुलास ‘यदि’, ‘जाए’, ‘धोएँ’ यांचा उलगडा होत नाही त्याच्या हाती ‘दवा’, ‘आँख’, ‘पानी’ हे तीन शब्द तेवढे लागतात. त्या तिहींची जुळणी ते कशी करील हे सांगता येत नाही. औषध पाण्यातून डोळ्यांत घालावे, अशीही करू शकेल. म्हणून पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांबरोबर अशी रिकामी वेष्टणे वर्गात वाचावयास घ्यावीत. कीटकनाशकाचा डबा मात्र वर्गात आणवू नये. शिक्षकाने मजकूर उतरून आणावा.

जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांच्या कानी पडणारी हिंदी निराळी असते, हेही ध्यानात ठेवावे. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते. तेथील मुलांना हिंदी परकी नाही आणि ‘है’ गाळण्याची खोडही त्या मानाने कमी. मराठवाडा त्याच सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथे बाजारात दक्खिनी ऐकू येते. दक्खिनीत ‘बोलके’ हा शब्द थेट आपल्या ‘म्हणून’च्या ठशाचा आहे, आणि ‘पढ़ने कू’ हेही तिचेच. मूल तसे बोलले तर त्याला हसू नये. ती बाजाराची भाषा तिच्या जागी ठीक आहे. पुस्तकाची भाषा शेजारी मांडून दोहोंतला फरक दाखवावा म्हणजे झाले.

सरावासाठी एकच प्रसंग घेऊन तो तिन्ही प्रकारांत फिरवावा. शाळेची खिडकी आणि पाऊस हा प्रसंग सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. आभाळ भरून आले असता म्हणावे, ‘बारिश आए तो खिड़की बंद कर देना।’ पाऊस न येताच आभाळ निवळले की म्हणावे, ‘बारिश आती तो हम खिड़की बंद करते।’ आणि खिडकी लावताना विचारावे, ‘खिड़की क्यों बंद की?’ मुले उत्तर देतील, ‘ताकि पानी अंदर न आए।’ वाक्याचा पूर्वार्ध एका रांगेने व उत्तरार्ध दुसऱ्या रांगेने म्हणावयाचा, असा खेळही करता येतो. त्यात ‘अगर मैं सरपंच होता तो’ असा पूर्वार्ध दिला की मुले गावाविषयी जे बोलतात ते ऐकण्याजोगे असते. विहिरीचा रहाट, रस्त्यावरचा चिखल, शाळेचे गळके छप्पर, सर्व काही निघते. मुलींनी ‘होती’ म्हणावयाचे आहे, एवढी आठवण द्यावी.

चाचणीत ‘रिक्त स्थान की पूर्ति करो’ असा प्रश्न घालून ‘अगर’, ‘तो’, ‘ताकि’ भरावयास सांगितले की वर्गातील बहुतेक मुले उत्तीर्ण होतात आणि कोणास काय आले ते कळत नाही. त्याऐवजी क्रियापदाची जागा रिकामी ठेवावी : ‘माँ ने दीया जलाया ताकि बच्चा ___।’ (पढ़ना), ‘अगर कल छुट्टी ___ तो हम नदी पर जाते।’ (होना). पहिल्यात ‘पढ़े’ आणि दुसऱ्यात ‘होती’ आले तर त्या मुलास पुढचा पाठ द्यावा. ‘पढ़ना चाहिए’ किंवा ‘थी’ आले असेल, तर फळ्याच्या कोपऱ्यातील त्या दोन ओळी पुन्हा लिहाव्यात.